आईला लाल फुली

वीकेण्डचा टाइमपास म्हणून मराठी शब्दांचं ॲप करायला घेतलं. वाटलं, दोन-चारशे शब्द टाकू, रंगीत बटणं लावू, की झालं! पण पहिल्याच टेस्टिंगला नापास झाली ती माझ्या घरचीच व्यक्ती...

शुक्रवारची दुपार. ऑफिसचं कॅन्टीन. शेजारच्या टीममधला एक पोरगा समोसा पुढ्यात ठेवून, पोट धरून बसलेला.

"काय झालं रे?"

"पेन होतंय यार."

"कसं दुखतंय?"

"कसं म्हणजे? पेन होतंय. जाम!"

सगळे हसले. मीही हसले. पण डेस्कवर परत येता येता डोक्यात किडा वळवळायला लागला. ह्याच्या जागी माझी आई असती तर तिने सांगितलं असतं, पोटात कळ येतेय, की मुरडा पडलाय, की पोट डब्ब झालंय, की नुसतंच ढवळतंय. डॉक्टरचं अर्धं काम तिथेच झालं असतं. दाढ ठसठसते, डोकं ठणकतं, काटा सलतो, डोळा खुपतो, जखम चुरचुरते, भाजलेलं हुळहुळतं, पाठीत उसण भरते आणि ताप यायच्या आधी अंगात कणकण असते. एवढा सगळा माल घरात भरलेला, आणि आम्ही काय वापरतो? पेन. फार तर 'जाम पेन'.

दुःखाचं हे, तर आनंदाचं काय? त्या रात्री ग्रुपबरोबर जेवायला गेले तेव्हा मनातल्या मनात मोजत बसले. आठ ते अकरा एवढ्या वेळात मी स्वतः सतरा वेळा 'भारी' म्हटलं. पनीर भारी, मैत्रिणीचा टॉप भारी, तिचा नवा फ्लॅट भारी, आणि तिचं ब्रेकअप झालं हे कळल्यावरही तोंडातून काय निघावं? "भारी सीन झाला गं!"

मी यूएक्स डिझायनर आहे. म्हणजे तुम्ही ॲपमध्ये जे बटण दाबता ते कुठे असावं, केवढं असावं आणि त्यावर काय लिहावं ह्याचा मला पगार मिळतो. असल्या माणसाच्या डोक्यात किडा शिरला की त्याचं काय होणार? ॲपच! सोमवारी शेजारच्या डेस्कवरच्या डेव्हलपरला पकडलं. तो पुण्यातच जन्मलेला आणि वाढलेला, दर दिवाळीत दोन-तीन दिवाळी अंक विकत घेणारा. फंडा साधा होता. रोज पाच शब्द, पाच मिनिटं, आणि दिवसभरात आपण काय बोललो, काय ऐकलं ह्याची एक छोटी डायरी. शनिवार-रविवारी माझ्या वाकडच्या फ्लॅटवर बसायचं, मॅगी खायची, कोड लिहायचं.

शब्द आणायचे कुठून?

सगळ्यात सोपं वाटलं ते सगळ्यात आधी फसलं. शब्दकोश काही कमी नाहीत. मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये पहिल्यांदा छापला गेला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे ह्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ ह्या काळात सात खंडांत निघाला. दोन्ही आज शिकागो विद्यापीठाच्या कृपेने इंटरनेटवर फुकट शोधता येतात. आम्ही त्यातून छान छान, वजनदार शब्द वेचले आणि पाच मित्रांना दिले. आठवड्याने सगळ्यांना 'किंकर्तव्यमूढ'चा अर्थ पाठ! स्कोअर झकास. पण एकानेही तो शब्द एकदाही वापरला नाही. वापरणार कुठे? सकाळी नऊ वाजता हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये?

मग नियम केला. जो शब्द उद्या दुपारपर्यंत तोंडात येऊ शकत नाही तो यादीत नको. यादी एकदम बदलली. दुखण्याचे शब्द आले. पावसाचे आले : रिपरिप, भुरभुर, सर, झड. आणि आमच्या टेस्टर मंडळींना सगळ्यात आवडली ती रागाची यादी. रुसणं, फुगणं, कुढणं, धुसफुसणं, तणतणणं, फणकारणं. ऑफिसात ह्यातल्या प्रत्येक शब्दाला एकेक चेहरा आहे हे तुम्हीही कबूल कराल! आमचा टीमलीड रिव्ह्यू संपल्यावर 'तणतणत' बाहेर पडतो आणि एचआरची एक मुलगी 'धुसफुसते', हे कळल्यावर दोघं एकदम स्पष्ट दिसायला लागले. आधी दोघंही नुसते 'अपसेट' होते.

शब्द लक्षात राहावेत म्हणून जी युक्ती वापरली ती आमची नाही. हेरमान एबिंगहाउस ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले. निरर्थक अक्षरांचे तुकडे पाठ करायचे आणि किती वेळात किती विसरतो ते मोजायचं. १८८५ मध्ये त्याने ते छापलं. विसरणं सुरुवातीला धाडकन होतं, मग हळूहळू, हे त्याने दाखवलं. त्यावर १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर ह्या दुसऱ्या जर्मन गृहस्थाने खणांच्या पेटीची पद्धत लोकप्रिय केली. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या खणात, ते उशिरा परत येतं. चुकलेलं कार्ड पहिल्या खणात, ते लगेच परत येतं. म्हणजे जे चुकतं तेच पुन्हा पुन्हा समोर. बहुतेक सगळी भाषेची ॲप्स आतून थोड्याफार फरकाने हेच करतात. आम्हीही केलं. हा खण पुढे मला फार महागात पडणार होता, पण ते नंतर.

पहिलं भांडण झालं ते उसन्या शब्दांवरून. डेव्हलपर म्हणाला, "ॲप मराठीचं आहे ना? मग शुद्ध शब्द घेऊ." मी म्हटलं, घेऊ की. 'पगार' काढ, तो पोर्तुगीज. 'चावी' पोर्तुगीज, 'बटाटा' पोर्तुगीज, 'पाव' पोर्तुगीज. म्हणजे वडा-पावातला वडा तेवढा घरचा, आणि त्याच्या पोटातही पोर्तुगीज! 'कागद', 'जमीन', 'शहर' हे फारसी-अरबीच्या वाटेने आले. ही साफसफाई नवी नाही. शिवाजी महाराजांच्या काळात फारसी कारभारी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला. सावरकरांनी 'महापौर', 'दिनांक' दिले आणि ते रुजले. सगळेच असे रुजत नाहीत. 'दूरध्वनी' लेटरहेडवर बसला आणि तिथेच राहिला. उद्या कोणता शब्द रुजेल हे लोक ठरवतात, माझ्या फ्लॅटवर मॅगी खाणारी दोन माणसं नाहीत. तेव्हा ठरलं, शब्दाचा पासपोर्ट बघायचा नाही. तो बिचारा मान डोलावत राहिला, पण 'टेन्शन' यादीत घालताना त्याला टेन्शन आलंच.

बटणावर काय लिहू?

हे वाचून हसाल, पण ह्या एका प्रश्नावर आमचा अख्खा रविवार गेला. इंग्रजीत 'यू' म्हटलं की विषय संपला. मराठीत ॲपने माणसाला काय म्हणायचं? तू, तुम्ही, की आपण? 'आपण आजचा सराव पूर्ण केलेला नाही' असं वाचलं की बँकेची नोटीस आल्यासारखं वाटतं. 'आज शब्द शिकला नाहीस!' हे मला चाललं असतं, पण माझ्या काकांना मोबाइलने अरे-तुरे केलेलं चाललं नसतं. आणि क्रियापद लावलं की लिंग आलं. 'शिकलास' की 'शिकलीस'? मग आधी माणसाला विचारा, तू मुलगा की मुलगी. पाच शब्दांसाठी एवढी चौकशी?

शेवटी वाक्यंच अशी बांधली की कर्ता नको. 'झालं.' 'पुढे.' 'अजून एकदा?' 'आजचे पाच शब्द वाट बघताहेत.' आणि जिथे दोघांना मिळून काही करायचं तिथे 'बघू या', 'ऐकू या'. हा 'या' म्हणजे मराठीची कमाल चीज आहे. समोरचा मोठा असो की लहान, बाई असो की पुरुष, सगळ्यांना बरोबर घेऊन जातो.

टेक्निकल कटकटी वेगळ्याच. देवनागरीत 'च' एकच, पण उच्चार दोन. 'चार' म्हणताना जीभ एकीकडे लागते, 'चारा' म्हणताना दुसरीकडे. 'चिंच' ह्या एवढ्याशा शब्दात तर दोन्ही च शेजारी शेजारी बसलेत! 'जरा थांब' मधला जरा आणि म्हातारपण ह्या अर्थाचा जरा, लिहायला सारखे, बोलायला वेगळे. फोनमधला यांत्रिक आवाज हे सगळं एकाच सुरात वाचायचा. आणि 'ऱ्या'! 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. हा पापणीसारखा अर्धा र कम्प्युटरमध्ये दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण मशीनला ते दोन वेगळे शब्द वाटतात. बरोबर 'दऱ्या' लिहूनही लोकांना चूक मिळायची आणि आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत किंकर्तव्यमूढ! (वापरला एकदाचा.)

पण ते बग होते. बग निघतात.

गडहिंग्लजचं टेस्टिंग

गणपतीला घरी गेले. घर गडहिंग्लजला, कोल्हापूर जिल्ह्यात, कर्नाटकची हद्द जवळ. आरती झाली, मोदक झाले, आई निवांत बसली तेव्हा तिच्या हातात फोन दिला. यूएक्सवाल्यांचा नियमच आहे, ज्याने ॲप कधी बघितलं नाही त्याच्या हातात द्यायचं आणि आपण तोंड बंद ठेवायचं.

पहिले तीन प्रश्न तिने फटाफट सोडवले. 'ठसठसणे' बघून म्हणाली, "हे काय विचारायचं झालं?" चौथा प्रश्न आला.

'सुमन दुकानात निघाली. ती म्हणाली, मी लगेच ____.'

खाली तीन पर्याय : येते, येतो, येतात.

आईने क्षणभरही विचार न करता 'येतो' दाबलं.

टर्रर्र! फोन थरथरला. स्क्रीनभर लाल फुली. 'चूक! बरोबर उत्तर : येते.'

आई थोडी मागे सरकली. पुढचे दोन प्रश्न बरोबर आले आणि मग आमच्या लाइटनरसाहेबांच्या पहिल्या खणातून सुमन परत आली. आईने पुन्हा 'येतो' दाबलं. पुन्हा टर्रर्र. मग तिसऱ्यांदा. आम्हीच बनवलेलं यंत्र, जे चुकेल ते परत परत विचारणारं, आईसमोर हटून बसलं होतं. शेवटी निकाल आला. 'मराठीची पातळी : प्राथमिक.'

"सातवी पास झालोय मी," आई म्हणाली. "आणि तुझं यंत्र म्हणतंय प्राथमिक."

मी हसायचा प्रयत्न केला. ती हसली नाही. फोन उलटा करून चटईवर ठेवला.

"माझंच चुकलं म्हण की. पण तू पण येतोच म्हणायचीस गं."

खरं होतं. मी पण येतोच म्हणायचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कोल्हापूरकडे बायका स्वतःबद्दल बोलताना सर्रास 'मी जातो', 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतात. ह्यात गोंधळ काही नाही. आई कधीच 'शेजारीण आला' म्हणणार नाही. शेजारीण आलीच. मी मात्र आलो. म्हणजे नियम आहे, पक्का आहे, फक्त पुण्याच्या नियमापेक्षा वेगळा आहे. आणि गंमत बघा, पुण्यातल्या चार मैत्रिणी सिनेमाहून परतल्या तर त्याही 'आम्ही आलो' असंच म्हणतात. अनेकवचनात बाई-पुरुष फरक प्रमाण मराठीलाही लागत नाही. आमच्याकडच्या बायकांना तो एकवचनातही लागत नाही, एवढंच!

हे सगळं मला आज सांगता येतं. पण पुण्यात पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी डेस्कवरून उठताना "येतो मी पाच मिनिटांत" म्हटलं होतं, आणि तीन खुर्च्या एकदम वळल्या होत्या. "कोण येतो? कुठाय तो?" कोणी वाईट नव्हतं. त्यातली एक आजही माझी जवळची मैत्रीण आहे. पण दोन आठवड्यांत माझं 'येतो' साफ गेलं. 'लई' गेलं, 'कवा' गेलं, 'माळवं' जाऊन 'भाज्या' आल्या. घरचा फोन आला की मी जिन्यात जायची, कारण आईशी बोलताना जीभ आपोआप गडहिंग्लजला पोचायची आणि ते कुणी ऐकायला नको होतं. मला वाटायचं, मी सुधारले. आणि सुमनचा तो प्रश्न लिहिला कोणी? डेव्हलपरने नाही. मीच. मला जिथे हसले होते बरोबर तिथेच मी सापळा लावला होता, आणि त्यात सापडली कोण तर आई.

परतीच्या गाडीत अख्खी प्रश्नपेढी उघडली. सहाशे प्रश्न. 'आनी-पानी'ला लाल फुली. 'करून राहिली'ला लाल फुली, म्हणजे अख्खा विदर्भ नापास. 'माका'ला लाल फुली, म्हणजे मालवण गेलं. आणि 'मी तुला मीटिंगनंतर कॉल करते' ह्या वाक्याला? हिरवा टिकमार्क! इंग्रजी शब्दाला आम्ही पासपोर्ट विचारायचा नाही असं मोठ्या रुबाबात ठरवलं होतं. गडहिंग्लजच्या शब्दाला मात्र विचारत होतो.

दोन अधिक दोन

सोमवारी डेव्हलपरला सांगितलं, लाल फुली काढायची. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"मग ॲप कसलं ते? चूक-बरोबर नाही तर लोक शिकणार काय?"

"चूक नाही ते. वेगळं आहे."

"उद्या दोन अधिक दोन पाच म्हणशील. आमच्याकडे पाच म्हणतात!"

"गणित गावागणिक बदलतं का रे?"

चहाचे तीन कप झाले. त्याचं सगळंच चूक नव्हतं. त्याचा भाऊ एमपीएससी करतोय, पेपरात त्याला एकच उत्तर लिहायचंय. आणि इंटरव्ह्यूला बसलेला माणूस 'कवा' ऐकून समोरच्याबद्दल काय ठरवतो हे मला कोणी शिकवायला नको. ते अन्यायाचं आहे म्हणून ॲपने लपवायचं का? लपवलं तर नुकसान त्या पोराचंच.

मॅक्सिन बर्नसन ह्यांचं काम मला ह्याच दिवसांत वाचायला मिळालं. मूळच्या अमेरिकन, पण फलटणमध्ये राहिल्या, तिथे मुलांना वाचायला शिकवण्यासाठी संस्था काढली. १९७३ मध्ये त्यांनी पीएचडीचा प्रबंध लिहिला तो फलटणच्या लोकांच्या बोलण्यातल्या विविधतेवर. एकाच गावात कोण कसं बोलतं ह्यामागे जात असते, शिक्षण असतं, हे त्यांनी गावात बसून, ऐकून नोंदवलं. म्हणजे 'आनी' म्हटल्यावर जे हसू येतं ते फक्त 'ण'चं नसतं. आपण सगळे हे जाणतोच, फक्त कॅन्टीनमध्ये कोणी बोलत नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींहून जास्त आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर फुलांचे, दिव्यांचे मेसेज पडले. त्या ८ कोटींतली बरीच माणसं आमच्या ॲपमध्ये 'प्राथमिक' निघाली असती.

भांडण मिटवलं ते तिसऱ्याच व्यक्तीने. आमची एक सहकारी केरळची आहे, पुण्यात येऊन दोन वर्षं झाली. तिचं मराठी आलं ते तिच्या घरी काम करणाऱ्या लातूरकडच्या मावशींकडून. ती टीमलीडला बिनधास्त विचारते, "सर, बिल्ड कवा येणार?" आणि लोक हसतात. ती म्हणाली, "मला मावशी समजतात. तुमचा टीमलीड बोलतो ते अर्धं समजत नाही. मला दोघं समजायला पाहिजेत. पण मी स्वतः काय बोलू ते एकच सांगा ना, दहा सांगू नका."

दोघं समजायला पाहिजेत, बोलायला एक. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. चार रविवार आम्ही ज्यावरून भांडत होतो ते तिने चहा संपायच्या आत सोडवलं होतं!

म्हणून आता ऐकायचे प्रश्न वेगळे आणि बोलायचे वेगळे. ऐकण्यात नागपूर, मालवण, लातूर, कोल्हापूर सगळे येतात आणि फक्त अर्थ कळला का एवढंच विचारलं जातं. बोलण्याच्या कार्डावर एक रूप ठळक, त्याच्याखाली 'कानावर असंही पडेल' अशी ओळ. लाल रंग गेला, टर्रर्र गेलं. सुमनच्या प्रश्नाला कोणी 'येतो' दाबलं तर आता येतं : 'हो, कोल्हापूरकडे बायका असंच म्हणतात. पेपरात लिहायचं असेल तर येते.' आणि ते कार्ड पहिल्या खणात परत जात नाही. एमपीएससीवाल्या भावासाठी परीक्षेचा वेगळा भाग केला, तिथे मार्क आहेत, पण तिथे जायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

ह्याची किंमत मोजावी लागलीच. प्रत्येक शब्द कुठे कसा म्हणतात हे हाताने, माणसांना विचारून लिहावं लागतं. सहाशे प्रश्नांचे एकशे चाळीस उरले. खाली एक बटण दिलंय, 'आमच्याकडे वेगळं म्हणतात'. पहिल्याच आठवड्यात त्यावर नागपूरच्या मैत्रिणीने लांबलचक यादी पाठवली. कुणीतरी 'मराठीची पुरती वाट लावताय' असंही लिहून पाठवलं. त्यातल्या 'वाट लावणे'चं मी कार्ड केलं.

डायरीचा भाग मात्र सगळ्यांना आवडला, आणि तो सगळ्यात सोपा आहे. रात्री झोपताना एकच प्रश्न : आज कानावर पडलेला एक शब्द? मायक्रोफोन चालू ठेवून दिवसभर ऐकत बसायचं नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं, माणसाने स्वतः लिहायचं. पोट धरून बसलेला तो पोरगा परवा सांगत होता, रिक्षावाल्याच्या तोंडी 'आडवळण' ऐकलं आणि लिहून ठेवलं. त्याचं पोट आता बरं आहे. ॲसिडिटी होती. 'जळजळ' म्हणतात तिला, त्यानेच शोधून काढलं.

आवाजाचा प्रश्न राहिला होता. यांत्रिक आवाजाला 'चिंच' येईना. दिवाळीत घरी गेले तेव्हा आईला विचारलं. आधी नाहीच म्हणाली. "प्राथमिकवाल्याचा आवाज कशाला?" दोन दिवसांनी स्वतःच म्हणाली, आण तो फोन. आतल्या खोलीत, घुमू नये म्हणून दोघी गोधडी पांघरून बसलो. चार. चारा. चूल. चिंच. जरा. मध्येच कुकरची शिट्टी, मध्येच शेजारणीची हाक. आई थांबायची, गोधडीतूनच ओरडायची, "आलो, आलो!" आणि पुन्हा सुरू. तिचं ते "आलो, आलो" रेकॉर्डिंगमध्ये आलंय. कापायचं राहून गेलं असं मी डेव्हलपरला सांगितलं.

नाव अजून ठरलेलं नाही. त्यावरून वेगळी भांडणं चालू आहेत.

परवा संध्याकाळी साडेसहाला आईचा फोन आला. मी डेस्कवर होते, जिन्यात जायचं डोक्यातच आलं नाही.

"काय करायलीस गं?"

"ॲपचंच काम."

"माळवं घातलंस का यादीत?"

"घातलं."

"कोरड्यास?"

"ते राहिलं की!"

"बघ. बरं, ठेवतो मी."

"मी पण ठेवतो," मी म्हटलं.

डेव्हलपरने स्क्रीनच्या वरून डोकं काढलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोरड्यास म्हणजे काय गं?"